शेवटी आलेली थोरली

लिमरिक,
९ फेब्रुवारी २०२५

ती. निशिगंधाताईंना,
ज्ञानदाचा सा. नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही, पण मी तुमचं अक्षर ओळखते. ओसरीच्या वहीचं पहिलं पान तुमच्या हातचं आहे. बारा वर्षांपूर्वी तुम्ही इथे शिकत असताना हे मैत्रिणींचं मंडळ काढलंत, आज आम्ही त्यात चौदा जणी आहोत आणि ती वही सध्या माझ्या उशाशी असते. कारण सध्या थोरली मी आहे.

मी मूळची नागपूरची. कॉम्प्युटरचं मास्टर्स करायला चार जानेवारीला इथे उतरले. बस स्टँडवर आमच्यातली यामिनी घ्यायला आली होती, हातात मेतकूट-भाताचा डबा. डबा संपेपर्यंत माझ्या बॅगा धरून उभी होती. मग तोंड पुसून उभी राहिले तर ही बया रीतसर वाकून मला नमस्कार करायला लागली. म्हणे, ‘आजपासून थोरली तू.’ मला वाटलं माझी फिरकी घेतेय. तीन दिवस वाटत होतं. मग तुमचे नियम वाचले.

‘जी सर्वांत शेवटी आली ती ओसरीची थोरली. पुढची येईपर्यंत तिचा शब्द शेवटचा.’ ‘येणाऱ्या प्रत्येकीला स्टँडवर घ्यायला जायचं. ती कोण, कुठली, आपल्यात राहणार की नाही, हे विचारायचं नाही.’ ‘थोरलीला लिहिताना तीर्थरूप लिहावं, वय बघू नये.’ हा नियम सगळ्यांचा लाडका आहे. यामिनी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, पण फ्रिजवर चिठ्ठी असते, ‘ती. थोरलीबाईंस, दूध संपले आहे, येताना आणण्याची कृपा व्हावी.’

आणि आल्या दिवशी जे कुणी सांगितलं नव्हतं ते प्रत्येकीने वहीत लिहायचं, हाही तुमचाच नियम. मी लिहिलंय, ‘आंघोळीआधी बाथरूमबाहेरची दोरी ओढा, नाहीतर बर्फाचं पाणी.’ माझ्याआधीच्या एकीने लिहिलंय, ‘बसमधून उतरताना ड्रायव्हरला थँक यू म्हणतात, सगळे म्हणतात, लाजू नये.’ ताई, ही वही कुणी वाचली ना, तर तिला या देशाची भीती वाटणार नाही.

आता कामाचं. नियमात आहे की ओसरीचं काम कागदावर, फोनवर माणूस हो म्हणून मोकळा होतो. म्हणून हे पत्र. डब्लिनमध्ये बॉल्सब्रिजला कचेरी असलेल्या विद्यार्थिनी महासंघाने आम्हाला संलग्न व्हायचं निमंत्रण पाठवलंय. देशभरातली बारा मंडळं त्यांच्यात आहेत. कॉलेजमध्ये स्वतःची खोली मिळेल, विमा, वकिलाचा सल्ला, शिफारसपत्रं. बदल्यात आपण ‘महासंघ, लिमरिक शाखा’ व्हायचं. अध्यक्ष किमान एक वर्ष जुनी हवी. आणि मदत फक्त नोंदणी झालेल्या सभासदांना. निर्णय दहा मेपर्यंत द्यायचा आहे.

पुढच्या मुली थेट सप्टेंबरात येणार. म्हणजे निर्णय माझा. मला इथे येऊन पाच आठवडे झालेत. कुठला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा हे अजून यामिनीला विचारते. तुम्ही उभं केलेलं मी मोडायचं की वाढवायचं, हे मला एकटीला ठरवायला सांगताहेत. तुम्ही काय केलं असतंत, ते सांगा.

तुमची,
ज्ञानदा

* * *

ॲडम्सटाउन,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दारातल्या फटीतून पडलं तेव्हा माझ्या मुलीला, स्मृतीला, वाटलं शाळेकडून काहीतरी आलं. सहा वर्षांची आहे. हाताने लिहिलेलं पत्र तिने पहिल्यांदा पाहिलं. ‘हू ड्रू ऑल दिस?’ म्हणाली. माझा नवरा विनय हसत होता. मी मात्र पत्र घेऊन जिन्यावर बसले आणि दोनदा वाचलं.

चौदा जणी. अगं, आम्ही सहा होतो. एका खोलीत पाय पसरायला जागा नव्हती म्हणून घराच्या पुढच्या पायऱ्यांवर बसायचो, पाऊस तोंडावर घेत. कुणी येणारी-जाणारी मुलगी टेकायची. म्हणून ओसरी. माझा ऊर भरून आला बघ. मी ऑफिसात चाळीस माणसांचं प्रोजेक्ट सांभाळते, पण त्याचा मला इतका अभिमान नाही.

आता तुझा प्रश्न. मला या महासंघाची फारशी माहिती नाही, पण तू सांगतेस त्यावरून मला तरी यात वाईट काही दिसत नाही. हौसेवर चालणारी मंडळं दोन-चार वर्षं चालतात आणि एखादी उत्साही मुलगी नोकरीला लागली की संपतात. आपली टिकली, हे नवल. पण नवलाच्या भरवशावर किती दिवस राहणार? कुणीतरी मोठं आपल्याला बोलावतंय, हा मान आहे. घ्यावा.

आणि घाबरू नकोस. पाच आठवड्यांत कचऱ्याचे डबे कुणालाच कळत नाहीत. विनयला अजून कळले नाहीत.

तुझी,
निशिगंधाताई

* * *

लिमरिक,
२ मार्च २०२५

ती. निशिगंधाताईंना,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी सगळ्यांना वाचून दाखवलं. पायऱ्यांचं वाचताना यामिनीने डोळे पुसले आणि सर्दी झाल्याचं सांगितलं.

तिची बाजूही तुम्हाला सांगायला हवी. गेल्या नोव्हेंबरात, मी यायच्या आधी, यामिनी आणि तिघींना घरमालकाने आठ दिवसांत घर सोडायला सांगितलं. बोलायला गेल्या तर तो गृहस्थ दर वाक्याला ‘यू’ल बी ग्रँड’ म्हणत होता, म्हणजे सगळं ठीक होईल. त्या काही ग्रँड नव्हत्या. दोन आठवडे मैत्रिणींच्या सोफ्यावर झोपून परीक्षा दिल्या. कायद्याने त्याला असं करता येत नाही, हे त्यांना नंतर कळलं. यामिनी म्हणते, एक वकील, एक फोन नंबर असता तर हे झालं नसतं. तिचं खोटं नाही. तिने मला हो म्हणायचा आग्रह धरलाय, आणि गंमत म्हणजे आग्रह धरतानासुद्धा ‘थोरलीबाई’ म्हणते.

पण मला एक कोडं सुटत नाही. मदत फक्त नोंदणी झालेल्यांना, असं त्यांनी लिहिलंय. मी चार जानेवारीला बसमधून उतरले तेव्हा माझी कुठे नोंद होती? यामिनीला माझं आडनावही माहीत नव्हतं. मी नागपूरहून निघाल्यापासून बावीस तास कुणाशी मराठीत बोलले नव्हते. डब्याचं झाकण उघडल्याबरोबर मी स्टँडवर उभ्या-उभ्या रडले. ते फॉर्म भरून मिळालं असतं का?

आणि आणखी एक. थोरलीचा हा नियम कुणाला सुचला? बाहेरच्या मुलींना सांगितलं की हसतात. म्हणतात, जिला सगळ्यांत कमी माहिती तिलाच खुर्ची? मी हसण्यावारी नेते, पण उत्तर मलाही माहीत नाही. वहीत कारण लिहिलेलं नाही. तुम्ही सांगाल तर मला ठरवायला सोपं जाईल.

तुमची,
ज्ञानदा

* * *

ॲडम्सटाउन,
१० मार्च २०२५

चि. ज्ञानदास,
अनेक आशीर्वाद.

यामिनीचं ऐक. जिच्यावर वेळ आली तिलाच त्याची किंमत कळते.

तू भावनेच्या भरात आहेस असं मला वाटतं, रागावू नकोस. डब्याने पोट भरतं, पण घर टिकवायला वकील लागतो. आणि तुला तो नोंदणीचा भाग खुपत असेल तर त्यासाठी अडून बसायची गरज नाही. कलम सात पुढच्या वर्षीच्या सभेत बदलता येईल. आधी आत जावं, मग आतून बदलावं. ऑफिसात मी दहा वर्षं हेच केलंय.

सुरेखाबाई तशा प्रेमळ आहेत, एनिसच्या हॉस्पिटलात इतकी वर्षं डॉक्टर म्हणून काढलीत, त्यांना मुलींची कदर आहे. भेटल्या की तुझ्या शंका फिटतील.

थोरलीच्या नियमाचं म्हणशील तर ती त्या वेळची गंमत होती. आम्ही तरुण होतो. गमतीला फार कारणं नसतात. असला नियम आमच्या सहा जणींत शोभला. चौदा जणींच्या संस्थेत जबाबदार, जुनी अध्यक्ष असावी, यात मला गैर काही दिसत नाही.

अभ्यास कर. पाच वाजता अंधार पडायचे दिवस संपले, आता बरं वाटेल तुला.

तुझी,
निशिगंधाताई

* * *

लिमरिक,
३० मार्च २०२५

ती. निशिगंधाताईंना,
सा. नमस्कार.

कलम सात हा आकडा मी तुम्हाला कधीच लिहिला नव्हता. सुरेखाबाईंचं नावही लिहिलं नव्हतं. महासंघाची फारशी माहिती नाही, असं तुम्हीच लिहिलं होतंत.

म्हणून मी सुरेखाबाईंना फोन केला. त्या मोकळेपणाने बोलल्या, त्यांना वाटलं मला सगळं माहीत असेल. ओसरीला घ्यावं हा प्रस्ताव तुमचा आहे. तुम्ही महासंघात दीड वर्षापासून आहात. ओसरी आली की पश्चिम विभागाचं प्रमुखपद तुमच्याकडे येणार आहे. त्यांनी अभिमानाने सांगितलं, ताई. म्हणाल्या, ‘निशिगंधासारखी बाई आमच्याकडे आहे, हे आमचं भाग्य.’

तुम्हाला पद हवं असेल तर त्यात वाईट काय? तुम्ही मला सरळ लिहिलं असतंत, ‘ज्ञानदा, हे माझ्या मनातून आलंय, मला हवंय,’ तर मी कदाचित त्याच दिवशी सही केली असती. इतका तुमचा मान होता. पण मी सल्ला मागितला आणि तुम्ही काहीच माहीत नसल्यासारखं करून मला हवं तिकडे वळवलंत.

राग आलाय मला. आणि माझ्या घरी आजवर मोठ्या माणसांना असं कुणी कधी लिहिलं नाही. पण तुमच्याच नियमाने मी थोरली आहे. तुम्ही दोन्ही पत्रांत मला ‘चि.’ लिहिलंत आणि आशीर्वाद दिलेत. मी दोन्ही वेळा मनाची समजूत घातली की सवयीने झालं असेल. आता वाटतं, तुम्ही तो नियम कधीच मानला नाही. मग तो केलात कशाला?

दहा मेला सुरेखाबाई कागद घेऊन इथे येणार आहेत. तोपर्यंत उत्तर आलं तर बरं, नाही आलं तरी मी ठरवेन.

ज्ञानदा

* * *

ॲडम्सटाउन,
२४ एप्रिल २०२५

ज्ञानदा,

‘चि.’ लिहायचं धाडस नाही आणि ‘ती.’ लिहायला आज तोंड नाही. म्हणून नुसतं नाव.

तीन आठवडे तुझं पत्र प्रेसमध्ये, म्हणजे स्वयंपाकघरातल्या कपाटात, चहाच्या डब्यामागे ठेवलं होतं. चहा करताना रोज दिसायचं. विनयने एकदा वाचलं आणि म्हणाला, ‘पोरगी बरोबर बोलतेय.’ मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. नंतर तिसऱ्या दिवशी पेन शोधायला लागले.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. मला ते पद हवं होतं. कारण सांगते, पण ती सबब म्हणून धरू नकोस. इथे बारा वर्षं काढली, घर घेतलं, बढत्या मिळाल्या, पण मी केलेल्या कामात अजून माझ्या नावाने चालणारं असं एकच आहे, ओसरी. आणि तिच्याबद्दल लिमरिकबाहेर कुणाला माहीत नाही. मला वाटलं, एकदा व्यासपीठावर उभं राहून सांगावं की हे माझं आहे. आता कागदावर उतरवताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

आता थोरलीचा नियम. ती गंमत नव्हती. मी खोटं लिहिलं.

पहिल्या वर्षी ओसरीत थोरली नव्हती, अध्यक्ष होती. ती मी. मी फॉर्म केला होता, पुण्याच्या माणसाला फॉर्म केल्याशिवाय चैन पडत नाही. येणाऱ्या मुलीने पंधरा दिवस आधी तो भरून पाठवायचा, मग आम्ही घ्यायला जायचं. दोन हजार चौदाच्या सप्टेंबरात अकोल्याची एक मुलगी येणार होती, वैदेही. तिने निघण्याच्या आदल्या दिवशी मेल केली, विमान बदललंय, कुणी येऊ शकेल का. बाकीच्या म्हणाल्या जाऊया. मी म्हटलं, फॉर्म नाही, आज हिच्यासाठी गेलो तर उद्या सगळ्या असंच करतील. अगदी याच शब्दांत. मला माझा आवाज अजून ऐकू येतो.

वैदेही सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत स्टँडवर बसून होती. फोन चालत नव्हता, पत्ता चुकीचा लिहून घेतला होता. शेवटी तिथल्या सफाईवाल्या बाईने तिला टॅक्सीत बसवून दिलं. खोलीवर गरम पाण्याची दोरी कुठे असते हे तिला माहीत नव्हतं. चार दिवस गार पाण्याने आंघोळ केली आणि तापाने पडली. आम्हाला कळलं तेव्हा तिने परतीचं तिकीट काढलं होतं. एकोणीस दिवस राहिली ती या देशात. मी विमानतळावर सोडायला गेले, काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून ‘सॉरी’ म्हटलं. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, ‘तुमच्यापैकी कुणालाच आपला पहिला दिवस आठवत नाही.’

परतीच्या बसमध्ये मी ते नियम लिहिले. जिला पहिला दिवस सगळ्यांत स्पष्ट आठवतो तिचा शब्द शेवटचा. म्हणून शेवटी आलेली ती थोरली. म्हणून विचारायचं नाही, कोण, कुठली. म्हणून वही. नियम लिहून झाल्यावर त्यांची एक नक्कल करून वैदेहीला अकोल्याला पाठवली. लिहिलं, की तू गेलीस आणि आम्हाला हे शिकवून गेलीस. तिचं उत्तर आलं नाही. येण्याचं कारणही नव्हतं.

बघ, ज्या फॉर्मपायी हे सगळं झालं, तोच फॉर्म मी तुझ्या हातून परत आणायला निघाले होते. मलाही माझा पहिला दिवस आठवेनासा झाला होता, इतकंच.

हो म्हण किंवा नाही म्हण. आता मी सल्ला देणार नाही. यामिनीची अडचण खरी आहे आणि वैदेहीचीही खरी होती. दोन्ही तुझ्यासमोर ठेवल्यात.

निशिगंधा

* * *

लिमरिक,
११ मे २०२५

ती. निशिगंधाताईंना,
सा. नमस्कार.

सही झाली नाही. आणि ‘नाही’ असं मी म्हटलं नाही. काल जे झालं ते पहिल्यापासून सांगते, कारण तुम्ही बसून वाचायला हवं. जिन्यावर बसा हवं तर.

तुमचं पत्र मी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. वैदेहीचं वाचून झाल्यावर यामिनी उठून भांडी घासायला गेली. परत आली आणि म्हणाली, ‘थोरली, मला अजूनही वकील हवाय.’ मी म्हटलं, मलाही हवाय. खरं सांगते, मी सही करायचं ठरवलं होतं. वैदेहीला आपण परत आणू शकत नाही, यामिनीला तर पुन्हा सोफ्यावर झोपू द्यायचं नाही, असा मी हिशोब केला होता.

मग गुरुवारी मेल आली. शुभदा म्हणून एक मुलगी, पीएचडीला येतेय, शनिवारी पोहोचेल. पीएचडीवाल्या कधीही येतात, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. शनिवार म्हणजे दहा तारीख. डब्लिन विमानतळाहून येणारी बस अकरा चाळीसला इथे लागणार. सुरेखाबाई दहाला येणार.

सुरेखाबाई दहाला पाच कमी असतानाच आल्या. साठीच्या असतील, रेनकोटखाली इरकली साडी. कागद काढले, माझ्यासमोर ठेवले. यामिनी कानात म्हणाली, ‘बस यायला वेळ आहे. तोपर्यंत अधिकार तुझा आहे. कर सही.’ तिचं बरोबर होतं. मी पेन उघडलं. सुरेखाबाई एकेक कलम समजावून सांगत होत्या, मनापासून, घाई न करता. सातव्या कलमापाशी आल्या तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. नोंदणी न झालेल्या व्यक्तीची जबाबदारी शाखेने घेऊ नये.

मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, ‘एक नोंदणी न झालेली व्यक्ती पंचवीस मिनिटांत उतरेल. मी तिला घ्यायला जातेय.’ पेनाचं टोपण लावलं आणि डबा उचलला. यामिनीनेच मला कोट आणून दिला. बाहेर आडवा पाऊस. सुरेखाबाईंनी गाडीची किल्ली काढली आणि म्हणाल्या, ‘चालत जाणार? बसा.’

बस चार मिनिटं उशिरा आली. दोन बॅगा घेऊन एक बारकी, चष्मेवाली मुलगी उतरली आणि उतरताना ड्रायव्हरला म्हणाली, ‘थँक यू.’ ताई, ती तेवीस तासांचा प्रवास करून आली होती. मी विचारलं, तुला कुणी सांगितलं? तर म्हणाली, ‘आमच्या मॅडमनी. बाथरूमबाहेरची दोरी ओढायची, तेही सांगितलंय.’

शुभदा अकोल्याची आहे. तिथल्या कॉलेजात तिला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमचं नाव वैदेही. इथे अर्ज करायला त्यांनीच तिच्या मागे लागून लावलं. घाबरली तेव्हा म्हणाल्या, ‘लिमरिकला जा. तिथे घ्यायला येतात.’

तिने प्लॅस्टिकच्या फाइलमधून एक पत्र काढलं. घड्यांवर चिकटपट्टी लावलेलं. अक्षर मी पाहताक्षणी ओळखलं, रोज उशाशी असतं. वैदेहीमॅडमनी ते तिच्याकडे दिलं आणि निरोप सांगितलाय, ‘लिहिणारी भेटली तर सांग, पत्र मिळालं होतं.’

मी तिथेच रडले. म्हणजे या स्टँडवर माझं दुसऱ्यांदा. सुरेखाबाई दुसरीकडे बघत होत्या, पण त्यांनी ऐकलं सगळं.

घरी आलो. शुभदा जेवली आणि मी तिला वाकून नमस्कार केला. आधी खुर्चीवरून उडालीच, मग नियम ऐकून परत बसली. मी तिच्यासमोर दोन्ही बाजू मांडल्या, काही न लपवता. वकील, खोली, यामिनीचं घर, कलम सात. कागद तिच्यापुढे सरकवले. तिने सगळे वाचले. डोळे मिटत होते तरी वाचले. मग सुरेखाबाईंना विचारलं, ‘काकू, तुमच्या महासंघात आज आलेल्या मुलीला मत आहे का?’

सुरेखाबाई म्हणाल्या, ‘सहा महिन्यांनी मिळतं.’

‘मग सहा महिन्यांनी या,’ शुभदा म्हणाली. उद्धटपणे नाही हो, अगदी साधेपणाने, बसची वेळ सांगावी तसं.

सुरेखाबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हसायलाच लागल्या. त्यांनी वही मागितली. बराच वेळ पानं उलटत बसल्या. मग पेन घेऊन लिहिलं, सालासकट, ‘१९९८. एनिस. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये पहिल्या रात्री हीटर कसा लावायचा कळेना. साड्या पांघरून झोपले. विचारायला कुणी नव्हतं.’ खाली सही केली आणि सहीखाली महासंघाच्या वकिलाचा फोन नंबर लिहिला. यामिनीला म्हणाल्या, ‘नोंदणी नको. माझं नाव सांग.’ यामिनीला पुन्हा सर्दी झाली.

जाताना त्या मला म्हणाल्या, ‘असं मंडळ आमच्या बारांत एकही नाही. मी याला आमच्यासारखं करायला आले होते.’ आणि गाडीत बसल्या.

ताई, मी चार महिने आणि सहा दिवस थोरली होते. खूप मिरवलं. आज सकाळी फ्रिजवर मी पहिली चिठ्ठी लिहिली, ‘ती. थोरलीबाईंस, दूध आणले आहे.’ लिहिताना छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू. तुम्ही जे केलंत ते इतकं चांगलं आहे की तुम्हालासुद्धा ते मोडता आलं नाही. तुमच्यावरचा राग कालच्या पावसात स्टँडवरच राहिला.

तुमची,
आता साधीसुधी ज्ञानदा

ता. क. तुमचं जुनं पत्र शुभदाने वहीत ठेवलंय, पहिल्या पानाला लागून. परत हवं असेल तर तिला विचारावं लागेल. माझ्या हातात आता काही नाही.

* * *

ॲडम्सटाउन,
१८ मे २०२५

तीर्थरूप शुभदाताई, थोरल्या, ओसरी, यांचे सेवेशी,
निशिगंधाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आपण मला ओळखत नाही. माझं वय चाळीस आहे आणि आपलं बहुधा चोवीस. नियमाप्रमाणे वय बघितलेलं नाही.

ज्ञानदाचं पत्र मी जिन्यावर बसून वाचलं. स्मृती शेजारी येऊन बसली आणि विचारलं, ‘मम्मा, इज इट अ सॅड लेटर?’ मी म्हटलं, नाही गं, दहा वर्षांनी माझ्या पत्राला उत्तर आलंय. तिला कळलं नाही, पण तिने माझा हात धरून ठेवला.

महासंघाचं विभागप्रमुखपद नको असल्याचं मी सुरेखाबाईंना कळवलं आहे. त्यांनी उलट विचारलं, की महासंघात आज आलेल्या मुलीला मत द्यायचं झालं तर नियम कसा लिहावा लागेल. मी म्हटलं, ते लिमरिकच्या थोरलीला विचारा, माझ्याकडे अधिकार नाही. आपल्याला त्यांचं पत्र येईल. उत्तर काय द्यायचं ते आपण ठरवावं.

माझं जुनं पत्र वहीतच असू दे. त्याची जागा तीच आहे. वैदेहीला मी आज वेगळं पत्र टाकलंय. त्यात काय लिहिलं ते तिला आणि मला माहीत असलेलं बरं.

आता विनंती. मी डब्लिन विमानतळापासून अर्ध्या तासावर राहते. सप्टेंबरात मुली येतील, त्या लिमरिकला पोहोचेपर्यंत तीन तास एकट्या असतात. त्यांना विमानतळाच्या दारात भेटावं, हातात डबा द्यावा आणि बसमध्ये बसवून द्यावं, एवढं काम मला मिळावं. भात मला बरा जमतो. कुणाचं नाव विचारणार नाही, आडनाव विचारणार नाही, फॉर्म तर करणारच नाही. स्मृतीला सोबत आणायची परवानगी असावी, तिला ड्रायव्हरला थँक यू म्हणायची चांगली सवय आहे.

ओसरी मी काढली, असं आजवर सांगत आले. यापुढे कुणी विचारलं तर सांगेन, मी ओसरीतली आहे. त्यात जास्त अभिमान वाटतो, हे मला या वयात कळलं.

आपल्या होकाराची वाट बघते.

आपली धाकटी,
निशिगंधा